भिंतीचें स्थलांतर

चांगदेव वाघावर बसून, हातीं सर्पाचा आसूड घेऊन भेटीस आले, तेव्हां ज्ञानदेव भावंडांसह ज्या भिंतीवर बसले होते तीच त्यांनीं सामोरी चालविली, ही कथा महाराष्ट्रांत पोरासोरांसही ठाऊक आहे. तिचें अध्यात्म अधिकारी पुरुषांनीं पुष्कळ उलगडलें आहे. त्यांत भर घालण्याचा येथें हेतु नाहीं. मला तींतील एकच गोष्ट घ्यावयाची आहे. चमत्कारासाठीं लोककथेनें वस्तु निवडली ती नेमकी भिंत. चालणारें दार किंवा चालणारा खांब सांगितला असता तर ऐकणारास एवढें नवल वाटलें नसतें. कारण दारें आणि खांब खरोखरच चालतात. मोडक्या वाड्यांचीं सागवानी दारें आणि कोरीव खांब विकत घेऊन नव्या घरांत बसविण्याचा व्यवहार आजही चालू आहे आणि मुंबईच्या चोरबाजारांत तो कोणासही पाहतां येतो. भिंत मात्र कोणी विकत नेत नाहीं. ती पाडली म्हणजे दगड-विटा उरतात, भिंत उरत नाहीं.

असें असूनही भिंती गांवोगांव आणि देशोदेशीं फिरल्या आहेत. फिरलें तें त्यांचें वर्णन. थर किती, जाडी किती, साहित्य कोणतें, सांधा कसा, एवढें सांगतां आलें कीं तीच भिंत शंभर कोसांवर उभी करतां येते. आज वास्तुरचनेच्या संगणक-प्रणालींत एका कामासाठीं बेतलेला भिंतीचा प्रकार उचलून दुसऱ्या कामांत घालणें ही रोजची क्रिया झाली आहे, आणि ती करणारांस आपण अगदीं नवें कांहीं करीत आहों असें वाटतें. वस्तुतः या क्रियेस दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. तो पाहतांना माझें एक मत बनलें आहे, तें आरंभींच सांगून टाकतों : भिंतीचें वर्णन जसजसें सुटसुटीत व वाहून नेण्यास हलकें होत गेलें, तसतसें ती भिंत तशी कां, हें त्यांतून गळत गेलें.

लिखित परंपरेपुरतें पाहिलें तर आरंभ विट्रुव्हियसपासून करावा लागतो. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धांत या रोमन वास्तुविशारदानें स्थापत्यावर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्यांतील दुसऱ्या प्रकरणांत भिंतींचे प्रकार नांवानिशीं दिले आहेत. त्या काळीं रोमांत जाळीसारख्या तिरप्या चौकटींत दगड बसवून बांधलेल्या भिंतीची मोठी चाल होती. विट्रुव्हियस म्हणतो कीं ही दिसावयास सुरेख, पण तिला तडे लवकर जातात. उलट वेड्यावांकड्या दगडांची जुनी भिंत दिसावयास ओबडधोबड, पण दगड एकमेकांत अडकून बसल्यामुळें अधिक बळकट. ग्रीकांच्या एका प्रकाराविषयीं तो जें सांगतो तें तर आजच्या संगणकापुढें बसणारानेंही वाचावें. आपले लोक, तो म्हणतो, घाईनें दोन बाजूंस दोन दर्शनी थर उभे करतात आणि मधली पोकळी दगडगोट्यांनीं भरून काढतात, त्यामुळें एका भिंतीच्या तीन भिंती होतात. ग्रीक मात्र मधून मधून भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालून त्या तिन्हींस एक करतात. वर्णन थरांचें, पण लक्ष सगळें थर एकमेकांस कसे धरतात याकडे.

त्यानें नोंदविलेली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन घरांमधील सामाईक भिंतीची किंमत ठरवितांना रोमन पंच दगडगोट्यांच्या भिंतीच्या मूळ खर्चांतून दरसाल एक ऐंशींश वजा करीत. म्हणजे अशी भिंत ऐंशी वर्षांहून अधिक टिकत नाहीं असा त्यांचा निकाल असे. विटांची भिंत ओळंब्यांत उभी असली तर मात्र कांहींच वजा करीत नसत. मग रोम शहरांत विटांच्या भिंती कां नाहींत? तर सार्वजनिक जागेला लागून असलेली भिंत दीड फुटांहून जाड नसावी असा कायदा होता, आणि त्या काळची कच्ची वीट एवढ्या जाडींत एका मजल्यापलीकडे भार घेत नसे. रोमांत माणसें दाटीनें राहत, तेव्हां मजले चढविणें भाग होतें. एका भिंतीच्या निवडीमागें कायदा, लोकसंख्या, साहित्य आणि वय हीं चारही येथें एकत्र सांगितलीं आहेत. विट्रुव्हियसची भिंत प्रवासास निघाली तर आपलें कारण गांठोडींत बांधून निघते.

यानंतर शतकानुशतकें भिंतींनीं प्रवास केला तो ग्रंथांतून नव्हे, तर गवंड्यांच्या पायांनीं. आपल्याकडे कोंकणांत जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, घाटावर काळ्या दगडाची, आणि नदीकांठच्या गांवीं पांढऱ्या मातीची. ही वांटणी कोणीं कागदावर केली नव्हती. जांभा खाणींतून काढतांना मऊ असतो व वाऱ्यावर ठेवल्यानें कठीण होतो, हें ज्यास ठाऊक तोच त्याची भिंत बांधी. ज्ञान हातांत होतें आणि तें हाताबरोबरच हिंडत असे. सत्तेचा हात मधें आला म्हणजे काय होई याची एक आख्यायिका पुण्यांत सांगतात. शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळांत उभा राहिला. पुढें त्याच्या तटाचें काम चाललें असतां दगडी तट बांधण्याचा अधिकार राजाचा, पेशव्याचा नव्हे, अशी हरकत साताऱ्याहून आली, म्हणून तटाचा वरचा भाग विटांचा झाला असें म्हणतात. आख्यायिकेचें खरेंखोटें कांहींही असो, १८२८ च्या आगींत आंतले महाल जळून गेले, आणि खालीं दगड व वर वीट असा तो तट आजही उभा आहे.

वर्णनास आंकड्यांचें रूप सक्तीनें आलें तें लंडनमध्यें. सप्टेंबर १६६६ च्या भीषण आगीनंतर १६६७ सालीं जो पुनर्रचनेचा कायदा झाला, त्यानें घरांचे चार वर्ग पाडले आणि प्रत्येक वर्गाच्या प्रत्येक मजल्याची भिंत किती विटा जाड असावी हें ठरवून दिलें. बाह्य भिंत विटेची किंवा दगडाचीच पाहिजे. पुढें १७७४ च्या कायद्यानें हे वर्ग सात केले. आतां भिंतीस कारण विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. घराचा वर्ग कोणता एवढें समजलें कीं भिंत ठरली. हा मोठा लाभ होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. आगीपासून शेजाऱ्याचें रक्षण करावयाचें तर प्रत्येक गवंड्याच्या शहाणपणावर विसंबून चालत नाहीं. परंतु जें आगीच्या धाकानें ठरलें, तेंच पुढें केवळ कोष्टक म्हणून पाठ होऊं लागलें.

कोष्टकाची ही संवय इंग्रजांबरोबर हिंदुस्थानांत आली. १८५४ सालीं डलहौसीच्या कारकीर्दींत सार्वजनिक बांधकाम खातें स्थापन झालें. बराकी, इस्पितळें, कचेऱ्या, तुरुंग, डाकबंगले यांचे नमुना-नकाशे निघाले. कामाचे विनिर्देश छापले गेले. आणि दरपत्रकें आलीं. माझ्या मतें भिंतीच्या स्थलांतराच्या इतिहासांत या दरपत्रकाइतकें बलवान साधन दुसरें झालें नाहीं. सिंधपासून धारवाडापर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्यांत इंजिनिअरची बदली कराचीहून रत्नागिरीस झाली तरी त्यास नव्यानें विचार करण्याचा प्रसंग क्वचितच येई. पत्रकांत बाब असे, बाबीपुढें दर असे. मोजमाप भरलें कीं अंदाजपत्रक तयार. ज्या भिंतीस पत्रकांत दर, ती भिंत मंजूर. जिला दर नाहीं तिच्यासाठीं वेगळें पृथक्करण करा, वरिष्ठांची संमति आणा, हिशेबतपासनिसाच्या शंकांस उत्तरें द्या! एवढा खटाटोप कोण करणार? स्थानिक गवंडी जी भिंत उत्तम बांधीत, ती चांगली असूनही बाबींच्या यादींत नाहीं म्हणून सरकारी कामांतून मागें पडावी, ही त्या व्यवस्थेची स्वाभाविक गति होती.

त्या काळाची एक खूण अजून आपल्या बोलण्यांत आहे. आजही पुण्या-मुंबईचा ठेकेदार ‘नऊ इंची’ आणि ‘साडेचार इंची’ भिंत म्हणतो. मापें दशमान करण्याचा कायदा १९५६ सालीं झाला. भारतीय मानकानें १९० मिलिमीटर लांबीची नवी वीट सुचविली. नकाशावर २३० आणि ११५ मिलिमीटर असे आंकडे आले. आतां तर सिमेंट-वाळूच्या फुगीर हलक्या ठोकळ्यांची २०० मिलिमीटरची भिंत सर्रास बांधतात, आणि तिलाही कोणी कोणी संवयीनें नऊ इंचीच म्हणतात. नांव टिकलें, वस्तु बदलली. हें पुढील मजकुरासाठीं वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

विसाव्या शतकांत सरकारी दरपत्रकाचें काम खाजगी कचेऱ्यांत आलेख-ग्रंथांनीं केलें. अमेरिकेंत रॅमसे आणि स्लीपर यांचा आलेख-मानकांचा ग्रंथ १९३२ सालीं आणि जर्मनींत नॉयफर्टचा ग्रंथ १९३६ सालीं निघाला. दोन्ही अद्याप नव्या आवृत्त्यांनिशीं चालू आहेत. वास्तुविशारदाच्या कचेरींत तपशिलांचे खण असत. जुन्या कामाचा भिंतीचा छेद काढावयाचा, त्यावर पारदर्शक कागद ठेवावयाचा आणि गिरवावयाचा. गिरवण्यास कमी लेखूं नये. रेघ न् रेघ हातानें ओढतांना, ही पोकळी येथें कशास, हा पत्रा येथें कां दुमडला, असा प्रश्न नवशिक्यास एकदां तरी पडे, आणि शेजारीं बसलेला वडीलधारा त्याचें उत्तर देई. कारण कागदावर नसलें तरी कचेरींत होतें.

आतां यंत्राकडे वळूं. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत इव्हान सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ नांवाच्या प्रणालीवर प्रबंध सादर केला. तींत एक मूळ आकृति काढून तिच्या हव्या तितक्या प्रतिमा मांडतां येत, आणि मूळ आकृति बदलली कीं सगळ्या प्रतिमा आपोआप बदलत. पुढील साऱ्या गोष्टींचें बीज यांत आहे. १९७५ सालीं चार्ल्स ईस्टमन यांनीं इमारतीची रेखाचित्रें न ठेवतां इमारतीचें वर्णनच संगणकांत ठेवावें, असा विचार मांडला. एका ठिकाणीं बदल केला तर सगळे नकाशे त्यास अनुसरून बदलावे. १९८२ सालीं बुडापेस्ट येथें निघालेल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीनें आर्किकॅड घडविलें. १९९७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या एका छोट्या कंपनीनें २००० सालीं रेव्हिट बाजारांत आणलें, आणि २००२ सालीं ऑटोडेस्कनें ती कंपनी विकत घेतली. या प्रणालींत भिंत म्हणजे दोन समांतर रेघा नव्हेत. भिंतीचा ‘प्रकार’ म्हणजे थरांची क्रमवार यादी : बाहेरचा २० मिलिमीटर गिलावा, २३० मिलिमीटर वीट, आंतला १२ मिलिमीटर गिलावा. रेव्हिटमध्यें प्रत्येक थराचें कार्य सांगावें लागतें, आणि दोन भिंती मिळतात तेथें कोणता थर कोणास छेदून जाईल हें त्या कार्याच्या १ ते ५ या क्रमांकावरून ठरतें. विट्रुव्हियसनें ज्याबद्दल तक्रार केली, तें थर एकमेकांस धरण्याचें काम येथें असें क्रमांकावर सोंपविलें आहे.

परंतु मला खरें नवल वाटलें तें आणखी एका योजनेचें. रेव्हिटमध्यें दार, खिडकी, मेज, दिवा यांची प्रत्येकाची स्वतंत्र फाइल असते. ती कपाटांत ठेवावी, हव्या त्या कामांत आणून बसवावी. भिंतीची अशी स्वतंत्र फाइल करतां येत नाहीं. भिंत, जमीन, छत हे प्रकार त्या त्या कामाच्या फाइलींतच जन्म घेतात आणि तेथेंच राहतात. चोरबाजारांत जो भेद दिसतो तोच हा! जें कारखान्यांत किंवा सुताराच्या दुकानांत होतें तें वाहून आणावें. जें जागेवर बांधावें लागतें तें जागेचेंच राहावें. रचनाकारांनीं हा नियम आपल्या तांत्रिक सोयीसाठीं केला असेल. पण त्यांत बांधकामाचें एक जुनें सत्य उतरलें आहे.

अर्थात् कचेऱ्यांस तें परवडणारें नाहीं. दहा कामांतून घडवून तपासलेले भिंतीचे प्रकार अकराव्या कामांत पुन्हां बनवीत कोण बसेल? म्हणून वाटा निघाल्या. एक, नवें काम रिकाम्या पानापासून न आरंभितां सर्व प्रकार आधींच भरलेल्या साच्यापासून आरंभावें. दुसरी, जुनी व नवी फाइल एकदम उघडून भिंतींच्या प्रकारांचा वर्गच्या वर्ग इकडून तिकडे न्यावा. तिसरी, जुन्या कामांतील भिंतीचा तुकडा उचलून नव्या कामांत चिकटवावा. तुकड्याबरोबर त्याचा प्रकार येतो, आणि मग तुकडा पुसून टाकला तरी प्रकार मागें राहतो. कांहीं कचेऱ्या यासाठीं एक वेगळी फाइलच बाळगतात. तींत इमारत नसते. आपापल्या नांवाची पाटी मिरविणारे भिंतींचे तुकडे ओळीनें उभे असतात. भिंतींचें असें संग्रहालय जगांत पूर्वीं कधीं नव्हतें.

या वाटांवर जकातनाका एकच आहे, आणि तो नांवाचा. समजा, पुण्याच्या एका कामांत ‘बाहेरील भिंत’ या नांवानें २३० मिलिमीटर विटेचा प्रकार आहे, आणि मुंबईच्या कामांत याच नांवानें २०० मिलिमीटर ठोकळ्यांचा. वर्गच्या वर्ग आणतांना प्रणाली विचारते : जुन्यावर नवा लिहूं, कीं जे येथें नाहींत तेवढेच घेऊं? पहिलें उत्तर दिलें तर मुंबईच्या कामांतील त्या नांवाच्या सर्व भिंती एका क्षणांत तीस मिलिमीटरनें जाड होतात. दुसरें दिलें तर पुण्याची भिंत आलीच नाहीं, पण नांव तेंच असल्यामुळें आली असा समज होतो. तुकडा चिकटविला तरीही तेंच. प्रणाली सूचना देते आणि यजमान फाइलींतील प्रकारच कायम ठेवते. सूचनांच्या पेट्या वाचण्याची संवय मनुष्यजातीस अद्याप लागलेली नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

तीस मिलिमीटर म्हणजे बोटभर जाडी, तिचें एवढें काय, असें कोणी म्हणेल. २०१६ च्या स्थावर-संपदा कायद्यानें सदनिकेचें चटई-क्षेत्र म्हणजे आंतली वापरण्याजोगी जागा अशी व्याख्या केली. बाहेरील भिंतींखालची जागा तींतून वगळली, आंतल्या आडभिंतींखालची धरली. बाहेरची भिंत आंतल्या अंगास तीस मिलिमीटर सरकली आणि खोल्यांची तशी बाजू दहा मीटर असली, तर सुमारें सव्वातीन चौरस फूट जागा गेली. वीस मजल्यांवर मजल्यागणिक चार घरें असलीं तर अडीचशें चौरस फुटांहून अधिक. ज्यानें कर्ज काढून घर घेतलें त्याच्या करारांत एक आंकडा आणि पायांखालीं दुसरा.

आणि हा झाला पैशाचा हिशेब. प्राणांचा हिशेब लंडननें १४ जून २०१७ रोजीं पाहिला. ग्रेनफेल टॉवर ही १९७० नंतरच्या दशकांत बांधलेली चोवीस मजल्यांची इमारत. तिला पुढें २०१६ पर्यंत चाललेल्या नूतनीकरणांत बाहेरून उष्णतारोधक थर व त्यावर धातूच्या पातळ फलकांचें आवरण चढविलें होतें. त्या आवरणावरून आग चढली आणि ७२ माणसें दगावलीं. चौकशीचा दुसरा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. आवरणाचे फलक हें आग पसरण्याचें मुख्य कारण, हें चौकशीनें आधींच ठरविलें होतें. पण आंतल्या उष्णतारोधक थराची हकीकत आपल्या विषयाच्या गाभ्याशीं भिडते. उंच इमारतीस तो चालतो असें दाखविण्यासाठीं २०१४ सालीं एक संपूर्ण भिंत उभारून तिची अग्निपरीक्षा घेण्यांत आली. भिंत उत्तीर्ण झाली. परंतु तींत मॅग्नेशियम ऑक्साइडचे अग्निरोधक फलक बसविले होते, आणि परीक्षेच्या प्रसिद्ध वर्णनांत त्यांचा उल्लेख नव्हता. शिवाय परीक्षेंतील भिंतीचें बाह्य आवरण सिमेंटच्या फलकांचें होतें, ग्रेनफेलचें नव्हतें. परीक्षा एका भिंतीची, वर्णन दुसरीचें, आणि बांधली गेली ती तिसरीच. येथें विस्मृति नव्हती, लपवणूक होती, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. मात्र लपवणूक एवढी दूरवर पोहोंचली ती वर्णन इतकें सुटें झालें होतें म्हणून. भिंतीपासून थर सुटला, थरापासून अट सुटली, आणि ‘उत्तीर्ण’ हा शब्द एकटा गांवोगांव फिरला.

१६६६ च्या आगीनें लंडनला जाडीचीं कोष्टकें दिलीं. या आगीनंतर इंग्लंडांत २०२२ सालीं इमारत-सुरक्षेचा कायदा झाला. अठरा मीटर किंवा सात मजले उंचीच्या राहत्या इमारतींविषयीं, काय बांधलें व कोणत्या निर्णयानें बांधलें याची नोंद संगणकीय स्वरूपांत आरंभापासून जपून ठेवण्याचें बंधन त्यानें घातलें. म्हणजे कायदा प्रथमच जाडीपलीकडे जाऊन कारण मागूं लागला आहे.

तें लिहिण्यास जागा नाहीं असें नाहीं. रेव्हिटमध्यें भिंतीच्या प्रकाराचें गुणपत्रक उघडलें तर थर, जाडी, उष्णतावहन यांच्या खालीं आणखी रकाने दिसतात : वर्णन, शेरा, अग्निरोधाचें मान. प्रकार एका कामांतून दुसऱ्या कामांत जातो तेव्हां त्यांत जें लिहिलें असेल तेंही त्याच्याबरोबर जातें. हे रकाने भरल्यावांचून प्रकार पुढें जाणार नाहीं असा अडसर प्रणालींत नाहीं. आणि ज्या कचेरींत पूर्वीं गिरवणाऱ्या पोराशेजारीं वडीलधारा बसत असे, तेथें आतां दोघांपुढें दोन पडदे असतात.